वूशिया कथेतला जुलमी पंथप्रमुख कसा उभा करावा

चिनी युद्धकलेच्या कथांमध्ये, म्हणजे वूशियात, पंथप्रमुख खलनायक रंगवू पाहणाऱ्या लेखकाला हमखास दोन सल्ले मिळतात: त्याला सर्वांत बलाढ्य करा आणि त्याला दुःखी बालपण द्या. दोन्ही सल्ले बाजूला ठेवावेत. बलाढ्य माणसे वूशियात डोंगरागणिक भेटतात, आणि बालपणाच्या हकिगतीतून जुलमाचे मूळ सापडले तरी जुलूम रोज कसा चालतो ते उमगत नाही. तलवारीच्या जोरावर जगलेली, स्वाभिमानी, मुरलेली माणसे एका माणसापुढे गुडघे का टेकतात, याचे उत्तर वाचकाला हवे असते.

नाव, दुर्गम ठाणे आणि शिकणाऱ्याच्या शरीराकडून किंमत वसूल करणारी एखादी विद्या, एवढे एका बैठकीत ठरवून टाकावे. पंथाच्या पूर्वेतिहासासाठी चीनचा इतिहास चाळावा. स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवणाऱ्या होंग शिउछुआन याने १८५१ मध्ये तैपिंग राज्याची घोषणा केली, १८५३ मध्ये नानजिंगला राजधानी वसवली, आणि १८५६ मध्ये त्याच राजधानीत त्याच्या सरदारांनी एकमेकांची कत्तल केली. कथानकाला पुरेल एवढा सांगाडा यातच आहे.

खरा अवघड टप्पा आज्ञापालनाचा आहे, आणि मला दर वेळी सर्वाधिक खर्डे याच टप्प्यावर फाडावे लागतात. इथे हाँगकाँगचे वूशिया कादंबरीकार जिन योंग यांची 'श्याओ आओ ज्यांगहू' ही कादंबरी समोर ठेवण्याला पर्याय नाही. ती १९६७ ते १९६९ या काळात हाँगकाँगच्या 'मिंग पाओ' दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या सूर्य-चंद्र पंथात वरिष्ठांना एक विषारी गोळी गिळावी लागते. दरवर्षी दुआनवूच्या सणाला, म्हणजे चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या पाचव्या दिवशी, उतारा मिळाला नाही, तर माणूस वेडा होऊन स्वतःच्या आईबापांवरही तुटून पडतो. नवखे लेखक या गोळीची नक्कल करतात आणि विषाच्या वर्णनात पाने घालवतात. माझे ठाम मत आहे की विषापेक्षा तारीख महत्त्वाची आहे. सण जवळ येऊ लागला की कोणता सरदार जास्त नम्र बोलू लागतो, कोण भेटवस्तू पाठवतो, कोण बंडाचा बेत आणखी एका वर्षाने पुढे ढकलतो, हे लिहावे.

पण नुसत्या भीतीवर पंथ उभा राहत नाही. त्याला जयघोष लागतो. जयघोषाचे शब्द एकदा ठरले की कादंबरीभर त्यांत अक्षराचाही फरक करू नये, आणि प्रमुख रंगमंचावर येण्याच्या बऱ्याच आधी वाचकाला ते पाठ व्हावेत. ते शब्द म्हणणाऱ्यांत एखादा तरी माणूस असा असावा, की ज्याचा त्यांवर विश्वास नाही, आणि त्याला क्षणभर उशीर झाल्याचे शेजारी उभ्या असलेल्याच्या लक्षात यावे. प्रमुखाच्या लक्षात ते मुळीच येऊ नये. जुलूम आडवा पसरतो, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे. जो लेखक तो फक्त वरून खाली वाहताना दाखवतो, त्याच्या हाती अखेरीस एक चिडका म्हाताराच उरतो. जिन योंग यांच्या शेवटच्या दीर्घ कादंबरीत होंग आनतोंग या पंथप्रमुखाच्या पंथात तर कोवळी मुलेमुली पाठ केलेला जयघोष करतात आणि पंथ उभारणाऱ्या जुन्या साथीदारांच्याच जिवावर उठतात.

यापुढची पायरी प्रमुखाच्या स्वतःच्या बदलाची. 'श्याओ आओ ज्यांगहू'मध्ये सूर्य-चंद्र पंथाचा पदच्युत प्रमुख रेन वोशिंग बारा वर्षे हांगचौच्या पश्चिम सरोवराखालच्या अंधारकोठडीत काढून परत येतो, त्याची जागा बळकावलेल्या दोंगफांग बूबाईकडून पंथ हिसकावून घेतो, आणि जुन्या खुशामतीचा त्याला आधी तिटकारा वाटतो. मग ती त्याला गोड लागू लागते. लांबलचक दालनाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली ती अस्पष्ट आकृती पाहून कादंबरीचा नायक लिंगहू छोंग याच्या मनात येते, की त्या आसनावर रेन वोशिंग असला काय आणि दोंगफांग बूबाई असला काय, फरक कोणता? हा प्रश्न ज्या प्रसंगात वाचकालाही पडेल, तो प्रसंग लिहून होईपर्यंत पुढे जाऊ नये.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. ही कादंबरी माओच्या चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन धामधुमीत लिहिली गेली, तरी तिच्यात त्या घटनांवर थेट रोख नसल्याचे जिन योंग यांनी नंतर स्पष्ट केले. म्हणून एखाद्या हयात पुढाऱ्याचा मुखवटा आपल्या खलनायकावर चढवू नये. तो पुढारी विस्मरणात गेला की पात्रही जाते.

अंतिम द्वंद्व लिहिणे सोपे आहे. त्यानंतरचा दिवस मात्र टाळू नये. जिन योंग यांच्याच दुसऱ्या एका कादंबरीतला जुलमी पंथप्रमुख दिंग चुनछिउ हरताच त्याचे शिष्य, ज्याने त्याला हरवले त्या शूचूचे गोडवे त्याच तोंडाने गाऊ लागतात. शिवाय विषारी गोळ्या गिळलेली माणसे अजून जिवंत असतात. पुढच्या दुआनवूला उतारा कोण देणार, हे प्रमुखाला मारण्याआधीच ठरवावे, आणि उताऱ्याची कुपी नायकाच्या हाती येणार असेल, तर ती तो वाटून टाकतो की स्वतःजवळ ठेवतो, यासाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवावे.