वाकळीचा टाका इथे चालत नाही : कॅम्पिंगसाठी पिसांची रजई

वाकळ शिवताना लुगड्यांचे थर एकावर एक टाकून आरपार धावदोरा घालतात. टाका जितका दाट, तितकी वाकळ टिकाऊ. कॅम्पिंगची डाऊन रजई शिवताना नेमकं हेच टाळायचं. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची बिनकाडीची मऊ पिसं. ऊब त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. आरपार टाका पडला की तिथली जाडी संपते, आणि दाजीपूरला पहाटेचा गारठा बरोबर त्याच रेघांतून आत शिरतो.

म्हणून वरच्या आणि खालच्या कापडामध्ये जाळीच्या, भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, शिवायच्या. नायलॉनच्या मच्छरदाणीचं बारीक जाळीचं कापड त्याला उत्तम.

अस्तर आणि वरचं कापड दोन्ही हलक्या रिपस्टॉप नायलॉनचं, म्हणजे चौकटीच्या विणीमुळे फाटत न जाणाऱ्या कापडाचं घ्या. दुकानातच कापड ओठांना घट्ट लावून फुंकून पाहा. हवा सहज पार गेली तर पिसंही बाहेर येणार. चकचकीत बाजू आत, पिसांकडे ठेवा.

माप : लांबी 195 सेंमी, खांद्याशी रुंदी 135, पायाशी 100. चारी बाजूंनी 2 सेंमी जास्त कापा. दोन्ही कापडांवर दर 15 सेंमीला आडवी रेघ मारा, 13 कप्पे होतात. जाळीच्या पट्ट्या 6 सेंमी रुंद कापा. दोन्हीकडचा एकेक सेंमी शिलाईत जाऊन 4 सेंमी उंची उरते. आधी सगळ्या पट्ट्या रेघांवर अस्तराला शिवून घ्या, मग एकेक करून वरच्या कापडाला. मशीनला 9 किंवा 11 नंबरची सुई लावा. टाचण्या नकोत, प्रत्येक भोकातून पीस डोकावतं. कपडे वाळत घालायचे चिमटे चालतात. वरची, खालची आणि एक बाजू शिवून टाका, दुसरी उघडी राहू दे.

पिसं किती? डाऊन किती फुगतं त्याचं माप म्हणजे फिल पॉवर. 750 फिल पॉवरचं एक ग्रॅम डाऊन साधारण 430 घनसेंमी जागा भरतं. वरचा कप्पा साधारण 130 × 15 × 4, म्हणजे 7,800 घनसेंमी. भागिले 430, सुमारे 18 ग्रॅम. पिसं कप्प्यात सरकू नयेत म्हणून वीस टक्के जास्त, म्हणजे 22. पायाकडे हेच 17 वर येतं. एकूण 250 ग्रॅमच्या आसपास लागतात. 275 मागवा, थोडी उडतातच.

भरायचं काम बाथरूममध्ये, दार लावून, पंखा बंद करून. मी पहिल्यांदा हॉलमध्ये पुडी फोडली. आठवडाभर चहात पिसं निघत होती. छोट्या वजनकाट्यावर एका कप्प्याचं डाऊन तोला, मुठीत दाबून आत सोडा, तोंडाला लगेच चिमटा. सगळे भरले की उघडी बाजू दुमडून दोनदा शिवा. पायाकडचे 60 सेंमी नळीसारखे जोडून टोकाला नाडी ओवा.

पाठीखाली मात्र मॅट हवीच. अंगाच्या भाराने दबलेली पिसं ऊब देत नाहीत, म्हणून तर या रजईला पाठीखाली येणारा भाग नसतो.

पन्हाळा-पावनखिंडीच्या जुलैतल्या मोहिमेला ही नेऊ नका. भिजलेल्या डाऊनचा गोळा होतो. पावसाळ्यात पॉलिस्टरच बरं. घरी आणल्यावर लहान पिशवीत कोंबून ठेवू नका, मोठ्या सुती अभ्र्यात सैल राहू दे.