बुरशीच्या प्रतिजनाला (रोगप्रतिकारक पेशी ओळखतात त्या घटकाला) पेशींचा प्रतिसाद मोजताना या चुका टाळा

एबीपीएच्या (ॲस्परजिलस बुरशीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या ॲलर्जीच्या आजाराच्या) रुग्णाच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या केल्या, त्यात ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा अर्क घातला आणि दुसऱ्या दिवशी आयएल-6 आणि टीएनएफ हे सायटोकाइन (पेशींनी सोडलेली संदेशवाहक प्रथिनं) भरभरून निघाले. लगेच वहीत नोंद होते: टी पेशींनी बुरशी ओळखली. पण हे दोन्ही सायटोकाइन मोनोसाइट या पांढऱ्या पेशीसुद्धा सोडतात, आणि त्यांना प्रतिजन ओळखावा लागत नाही. बुरशीच्या भिंतीतली बीटा-ग्लुकन ही शर्करा मोनोसाइटवरच्या डेक्टिन-1 या ग्राहकाला चिकटली की त्यांचं काम सुरू होतं. अर्कात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या भिंतीतला विषारी घटक) मिसळलेलं असेल तरी तेच घडतं.

मग एंडोटॉक्सिन तपासायला आपण एलएएल चाचणी (नालाकार खेकड्याच्या रक्तातल्या घटकांवर चालणारी) लावतो, आणि सगळ्यात जास्त फसगत मला इथेच दिसते. या चाचणीतला फॅक्टर-जी हा घटक बीटा-ग्लुकननेही जागा होतो. म्हणजे अर्क एंडोटॉक्सिनपासून स्वच्छ असला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते आणि चांगली बॅच फेकली जाते. ग्लुकन-ब्लॉकर असलेलं बफर वापरा, किंवा फक्त एंडोटॉक्सिनला प्रतिसाद देणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या (रिकॉम्बिनंट) फॅक्टर-सी वर आधारलेली चाचणी करा. प्लेटच्या काही वेलमध्ये (खळग्यांत) एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन-बी घालून पाहा. सिग्नल पडला तर दोष एंडोटॉक्सिनचा. टी पेशींबद्दल बोलायचं असेल तर एचएलए-डीआर (सीडी4 प्रकारच्या टी पेशींना प्रतिजन दाखवणारं प्रथिन) अडवणारी अँटिबॉडी घातलेला एक वेल हवाच. तिथेही आकडा जसाच्या तसा राहिला, तर तो सीडी4 पेशींचा मानू नका.

अर्काऐवजी जिवंत बीजाणू वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. ३७ अंशांवर ते काही तासांत फुगतात, मग अंकुरतात. सकाळी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पेशींच्या जागी धाग्यांचं जाळं दिसतं, माध्यम पिवळं पडलेलं असतं. शिवाय सुप्त बीजाणूवर रोडए प्रथिनाचं आवरण असतं, त्याखाली ग्लुकन झाकलेलं राहतं. म्हणून सुप्त आणि फुगलेल्या बीजाणूंचे निकाल एका रकान्यात टाकता येत नाहीत. फुगवून मग निष्क्रिय करा, आणि किती तास फुगवले ते दरवेळी लिहा.

फ्लो सायटोमेट्रीत (लेझरने एकेक पेशी मोजण्याच्या तंत्रात) पेशी कमी मोजणं ही चूक दिसायला किरकोळ, पण निकाल बुडवते. बुरशीविशिष्ट सीडी4 पेशी ०.०२ टक्के असतील तर एक लाख सीडी4 पेशींत जेमतेम २० सापडतात; प्रतिजन न घातलेल्या वेलमध्येही १५ निघाल्या तर सांगणार काय? दहा लाखांच्या आसपास तरी मोजा.

निरोगी माणसांतही बुरशीविशिष्ट टी पेशी असतात, कारण बीजाणू आपण रोजच श्वासातून घेतो. त्यामुळे निरोगी गटाशिवाय 'पॉझिटिव्ह' या शब्दाला अर्थ नाही. पेशी आहेत की नाहीत यापेक्षा त्या ॲलर्जीशी जोडलेल्या आयएल-5, आयएल-13 कडे झुकल्या आहेत की बुरशीशी लढायला मदत करणाऱ्या आयएफएन-गॅमाकडे, हे पाहा.

रुग्ण तोंडावाटे स्टेरॉइड घेत असेल (ते पेशींचा प्रतिसाद दाबतं) तर डोस आणि तारीख नमुन्याच्या नळीसोबतच्या कागदावर लिहून घ्या. महिन्यांनंतर ती माहिती मागायला गेलं की फाइल सापडत नाही.