क्लासपाथवरील फाइली नमुना देऊन कशा शोधाव्यात

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील बाजारभाव दाखवणारे जावा ॲप्लिकेशन करताना रावेरची केळी, चोपड्याचा कापूस, शहाद्याची पपई असा तालुकावार तपशील वेगवेगळ्या जेसन फाइलींत ठेवणे सोयीचे असते. परंतु प्रत्येक फाइलीचे नाव कोडमध्ये लिहिल्यास नवा तालुका जोडताना दर वेळी कोडला हात लावावा लागतो. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये क्लासपाथवरील, म्हणजे ॲप्लिकेशन चालताना जावा जिथे फाइली शोधते त्या ठिकाणांवरील, फाइली नमुना देऊन शोधण्याची सोय तयारच आहे. (पुढील नावे कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.)

प्रथम रिसोर्सेस फोल्डरात ‘भाव’ हे फोल्डर करून त्यात जिल्हावार फाइली ठेवाव्यात. नमुन्यात ‘?’ म्हणजे एक अक्षर, ‘*’ म्हणजे एकाच पातळीवरील कोणतेही नाव आणि ‘**’ म्हणजे कितीही खोलवरची फोल्डरे. त्यामुळे ‘भाव/**/*.जेसन’ या नमुन्यात रावेरही येते आणि शहादेही.

खरी मेख नमुन्याच्या आधीच्या शब्दात आहे. धुळ्याच्या फाइली दुसऱ्या जारमधून (जावाच्या फाइली एकत्र बांधलेल्या संचातून) येत असतील आणि तिथेही ‘भाव’ हेच फोल्डर असेल, तर ‘क्लासपाथ:’ लिहिल्यावर आधी सापडलेले एकच ‘भाव’ फोल्डर तपासले जाते आणि बाकीच्या फाइली कोणतीही त्रुटी न दाखवता सुटतात. ‘क्लासपाथ*:’ लिहिल्यास सर्व जार तपासले जातात, म्हणून नमुना वापरताना हीच सवय ठेवावी. नमुन्याची सुरुवात थेट ‘*’ने मात्र करू नये, कारण जारच्या मुळाशी असलेल्या फाइली तशा सापडतीलच याची खात्री नसते, आधी एखादे ठरावीक फोल्डर द्यावे.

आता पाथमॅचिंगरिसोर्सपॅटर्नरिझॉल्व्हर या क्लासचा ऑब्जेक्ट करून गेटरिसोर्सेस या मेथडला हा नमुना द्यावा. जुळणारी एकही फाइल नसेल तर रिकामा ॲरे मिळतो, म्हणून त्याची लांबी तपासून ती शून्य असल्यास ॲप्लिकेशन तिथेच थांबवावे. भाव नसलेले पान शेतकऱ्यासमोर जाण्यापेक्षा ते बरे. फाइलींच्या क्रमावर विसंबू नये, नावानुसार क्रम आपणच लावावा.

वाचताना गेटफाइल टाळून गेटइनपुटस्ट्रीम वापरावे. जारमधील फाइल डिस्कवर स्वतंत्रपणे नसते, त्यामुळे आयडीईत (कोड लिहिण्याच्या साधनात) बिनबोभाट चाललेले गेटफाइल सर्व्हरवर एक्सेप्शन देते. यासाठी चाचणी बांधलेल्या जारवरच घ्यावी आणि फाइलींची रोमन नावे सरसकट लहान अक्षरांत ठेवावीत, कारण विंडोजवर खपलेला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लिनक्सवर किंवा जारमध्ये खपत नाही.