पहिली-दुसरीत मराठी वाचन कसं शिकवावं: सोलापूरच्या बहुभाषिक वर्गांसाठी

'क'ला क आणि 'म'ला म म्हणणारं मूल 'काम' वाचेलच असं नाही. अक्षर ओळखावं लागतं, आवाज जोडावे लागतात आणि जोडून तयार झालेला शब्द कानाला ओळखीचा वाटावा लागतो. सोलापुरात गाडी बहुतेक वेळा या शेवटच्या ठिकाणी अडते. शहराच्या पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बऱ्याच गावांत कन्नड, तांड्यावर गोरमाटी (बंजारा समाजाची बोली). अशा घरातल्या मुलानं 'घ' आणि 'र' नीट जोडले तरी 'घर' हा शब्द कानात नसेल, तर आपण बरोबर वाचलं हेच त्याला समजत नाही. म्हणून प्रत्येक शब्द आधी तोंडी यावा, मग फळ्यावर.

जूनपासूनचे पहिले चार ते सहा आठवडे बोलण्या-ऐकण्याला द्या. वस्तू दाखवा, 'दार उघड', 'पाणी आण' अशा सूचना कृतीसह द्या, आणि घरी याला काय म्हणतात तेही विचारा. तेलुगूतलं 'इल्लू' किंवा कन्नडमधलं 'मने' वर्गात मोठ्यानं म्हणता आलं की 'घर' त्याच्या शेजारी पटकन बसतं. घरच्या भाषेला वर्गाबाहेर ठेवलं तर मूल बोलायचंच थांबतं, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं फार अवघड जातं.

याच काळात आवाजांचे खेळ घ्या, रोज दहा मिनिटं. शब्द टाळ्यांनी तोडायचा: 'भाक-री', दोन टाळ्या. लिहिताना अक्षरं तीन असली तरी टाळ्या कानानं ठरतात. मग 'मका, माग, मामा' म्हणून सुरुवातीला काय ऐकू आलं ते विचारायचं, 'कान, पान, मान' म्हणून शेवटी काय ऐकू आलं ते.

अक्षरांचा क्रम

क, ख, ग, घ, ङ या क्रमानं शिकवू नका. या पाच अक्षरांतून मुलाच्या उपयोगाचा शब्द जवळपास तयारच होत नाही, आणि आवाजही एकमेकांच्या इतके जवळचे की ते एकदम आले तर गोंधळ होतो. त्याऐवजी म, क, र, न, ल, ग ही सहा अक्षरं, काना आणि आ घ्या. एवढ्यावर कान, नाक, काम, लाल, राग, मका, नगर, कमान, माग, कामगार हे शब्द होतात आणि वाक्यंही: 'मामा आला.' 'राम आला का?' 'काका, काम करा.' पहिल्या गटाला साधारण दोन आठवडे लागतात. पुढचा गट तेव्हाच सुरू करा, जेव्हा आधीच्या गटातले न शिकवलेले शब्द मूल स्वतः जोडू लागेल.

भ-म, घ-ध, ब-व, थ-य या सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच गटात ठेवू नयेत. एक अक्षर पक्कं झाल्यावर, तीन-चार आठवड्यांनी दुसरं आणा आणि मग दोन्ही शेजारी मांडून फरकावर बोट ठेवा.

शेवटचा 'अ'

मराठीत लिहितो तसंच बोलतो, हे मुलांना सांगणं पूर्ण खरं नाही. 'माग' लिहिताना 'ग' पूर्ण असतो, उच्चारताना त्यातला 'अ' गळतो. तेलुगू आणि कन्नडमधले बहुतेक शब्द स्वरानं संपतात, त्यामुळे तिथली मुलं 'मागा', 'घरा' असं वाचतात. त्यांना अक्षर येत नाही असा निष्कर्ष काढू नका. फळ्यावर शेवटच्या अक्षराखाली छोटं टिंब द्या आणि सांगा, टिंबावर आवाज तोडायचा. दोन-तीन आठवड्यांत टिंब काढता येतं.

लांब शब्दांसाठी दोन सवयी लावा. चार अक्षरी बिनमात्रेचा शब्द बहुधा दोन-दोन असा तोडायचा: गड-बड, सर-बत, कर-वत. तीन अक्षरी शब्दाच्या शेवटी काना किंवा दुसरी मात्रा असेल, तर मधल्या अक्षरातला 'अ' बहुतेक वेळा गळतो: चम-चा, कप-डा. हा नियम मुलांना पाठ करायला लावू नका. टाळ्यांच्या खेळातून तो आधीच कानात आलेला असतो.

च, ज, झ यांचे दोन उच्चारही इथेच येतात. 'चाक' आणि 'चिमणी', 'जाळे' आणि 'जीभ' अशा जोड्या नुसत्या ऐकवा.

मात्रा आणि जोडाक्षरं

काना झाला की दुसरी वेलांटी (ी) घ्या, पहिली (ि) बरीच नंतर. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दीर्घ असल्यामुळे मुलांच्या बोलण्यातल्या शब्दांत ीच जास्त भेटते. ऱ्हस्व वेलांटीत वेगळी अडचण आहे: चिन्ह अक्षराच्या आधी दिसतं, आवाज नंतर येतो. त्यामुळे 'किती'चं 'इकती' होतं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर वेलांटी काढा, अक्षराचं कार्ड आधी टेबलावर ठेवा, आवाज म्हणवून घ्या, मग पट्टी डावीकडून सरकवून जोडा. 'रु' आणि 'रू' वेगळे दाखवावे लागतात, कारण तिथे उकार खाली नसून कमरेला असतो.

बाराखडी सुरात म्हणण्यात वाईट काही नाही, पण तिला वाचन समजू नका. अनेक मुलांना 'कु' दाखवला की 'क, का, कि, की' अशी धाव घेऊनच 'कु' म्हणता येतं. रोज पाच मिनिटं मात्रांची कार्डं उलटसुलट दाखवली की ही सवय सुटते.

अनुस्वाराचा नियम सांगू नका, शब्दांचे गट द्या: आंबा, खांब, संत, खंत, रंग, अंग. 'पांडुरंग' या एकाच शब्दात दोन वेगळे उच्चार आहेत आणि तो शब्द जिल्ह्यातल्या बहुतेक मुलांच्या कानात आहे.

सरावासाठी जिल्ह्याचे अकरा तालुके ही उत्तम शिडी आहे. एसटीच्या पाट्यांवर यातली बहुतेक नावं मुलं पाहतात. माढा आणि करमाळा आधी, मग मोहोळ आणि माळशिरस, अनुस्वारासाठी सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा. रफारासाठी बार्शी: रफार 'शी'च्या डोक्यावर दिसतो, पण म्हणायचा 'शी'च्या आधी. अक्कलकोट आणि उत्तर सोलापुरात जोडाक्षर, दक्षिण सोलापुरात 'क्ष'. शाळेच्या दारात उभं राहून पाटी वाचता आली की मुलाला वाचनाचा उपयोग कुणी वेगळा सांगावा लागत नाही.

रोजचा तास

साधारण सत्तर मिनिटं धरा. शिक्षकानं गोष्ट मोठ्यानं वाचायची, पुस्तक मुलांकडे धरून, ओळीखाली बोट फिरवत: दहा-पंधरा मिनिटं, शेवटी दोन-तीन प्रश्न. त्यातल्या एकाचं उत्तर गोष्टीत थेट नसावं. नंतर पंधरा मिनिटं अक्षरं आणि आवाज, पंचवीस मिनिटं मुलांनी वाचायचं, उरलेल्या वेळात शिकलेल्या अक्षरांतले पाच शब्द ऐकून लिहायचे. शुद्धलेखनात कुठलं अक्षर चुकतं यावरून उद्याचं काम ठरतं.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो 'एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं' यात. तीस आवाजांत वीस मुलं न वाचता सूर धरतात. जोडीवाचन घ्या: एक पुस्तक, दोन मुलं, एक वाक्य तुझं, एक माझं. धडा पाठ झालाय का हे तपासायला मुलाला पानाच्या तळापासून वर एकेक वाक्य वाचायला लावा. पाठांतर तिथेच उघडं पडतं.

तपासणी

केंद्र सरकारच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीत किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. तपासायला मुलानं न पाहिलेला, साठ-सत्तर शब्दांचा सोपा उतारा घ्या. मिनिट संपलं की थांबवा, बरोबर शब्द मोजा. स्वतः सुधारलेला शब्द बरोबर धरा. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगा आणि चूक धरा. शेवटी अर्थाचे तीन प्रश्न विचारा. वेग चांगला पण एकही उत्तर नाही, अशा मुलाला अक्षरांचा सराव नको, बोलण्याचा आणि गोष्टींचा हवा.

बोलीचा उच्चार चुकीत धरू नका. तेलुगू-कन्नड घरातलं मूल 'भात'चा 'बात' म्हणेल, कारण रोजच्या बोलण्यात महाप्राण (ख, घ, भ असे हवेच्या जोरानं निघणारे आवाज) सैल होतात. 'भ' आणि 'ब'ची कार्डं दाखवून योग्य चित्राला बोट लावायला सांगा. बोट बरोबर लागलं तर वाचन बरोबर आहे. 'करत आहे' छापलेलं असताना मुलानं 'करायलाय' वाचलं, तर ते अर्थ धरून वाचतंय हे ओळखा आणि नंतर छापील शब्दाकडे लक्ष वेधा.

गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं मध्येच वर्गात येतात. त्यांना इयत्तेप्रमाणे बसवू नका. अक्षर, बिनमात्रेचा शब्द, मात्रेचा शब्द, वाक्य, उतारा या पाच पायऱ्यांवर दहा मिनिटांत तपासा, त्या पायरीच्या गटात घ्या, आणि मूल गाव सोडून जाताना पुढच्या शाळेसाठी पायरीची नोंद एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्या.