नवव्या मुद्द्याखालचा उपमुद्दा

मुक्त स्रोत प्रकल्पात (ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो) पहिलं काम कुठलं घ्यावं, असं कुणी विचारलं की मी सांगते, रोजच्या वापरातल्या एडिटरमधली तुम्हाला स्वतःला छळणारी एखादी चूक शोधा. माझं पहिलं काम असंच हाती आलं.

मी एका मार्कडाउन एडिटरमध्ये कामाच्या नोंदी ठेवत असे. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातल्या खुणांनी लिस्ट वगैरे मांडायची पद्धत. क्रमांक घातलेली लिस्ट, तिच्यात मुद्दे, काही मुद्द्यांखाली उपमुद्दे. मधेच एंटर दाबून नवा मुद्दा घातला की हा एडिटर खालचे क्रमांक आपोआप पुढे सरकवायचा. फार सोयीचं होतं ते. पण अधूनमधून असं व्हायचं की वर मुद्दा घातला आणि खाली कुठेतरी एखादा उपमुद्दा आपल्या मुद्द्यापासून सुटून लिस्टबाहेर जाऊन बसला. मी तो हाताने स्पेस देऊन परत आत ढकलायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. असं बरेच महिने चाललं.

शेवटी एक दिवस त्या प्रकल्पाकडे इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडला. त्यात लिहिलं होतं, ‘मधे मुद्दा घातला की लिस्ट बिघडते, कृपया दुरुस्त करा.’ सोबत एक स्क्रीनशॉट. दुसऱ्या दिवशी मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांचं, उत्तर आलं. त्यांनी तीन मुद्द्यांची लिस्ट करून पाहिली होती, त्यांच्याकडे सगळं नीट चालत होतं. नेमक्या पायऱ्या सांगता का, असं त्यांनी विचारलं होतं. मला तेव्हा वाईट वाटलं. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट यांना दिसत कशी नाही? आज ती नोंद वाचते तेव्हा कळतं की तिच्यावरून कुणालाच काही करता आलं नसतं. सुरुवातीचा मजकूर नाही, कर्सर कुठे होता ते नाही, एडिटरची आवृत्ती नाही, इंडेंटचं, म्हणजे ओळ किती स्पेस आत ढकलायची याचं, सेटिंग नाही. आणि स्क्रीनशॉटमधून मजकूर कॉपी करता येत नाही, त्यातल्या स्पेस मोजता येत नाहीत. हा बग नेमका एका स्पेसचा होता.

मग मी नमुना लहान करायला बसले. त्याची रूढ पद्धत अशी: फाइल अर्धी करायची, ज्या अर्ध्या भागात बग दिसतो तो ठेवायचा, तो पुन्हा अर्धा करायचा. माझ्या लिस्टमध्ये बारा मुद्दे होते. पहिले सहा वेगळ्या फाइलमध्ये घेतले, बग नाही. उरलेले सहा घेतले, तिथेही नाही. पूर्ण फाइल उघडली की बग हजर. संध्याकाळ त्यातच गेली आणि मला वाटू लागलं की एडिटरच्या स्मृतीत काहीतरी भलतंच घडत असावं.

चूक माझ्या हातून झाली होती. दुसरा अर्धा भाग नव्या फाइलमध्ये घेताना तो नीटनेटका दिसावा म्हणून मी त्याचे क्रमांक पुन्हा १ पासून घातले होते, आणि बग त्या क्रमांकांमध्येच होता. म्हणून नवीन मंडळींना मी कळकळीने सांगते, नमुना लहान करताना फक्त काढून टाका, काहीही सुधारू नका. शुद्धलेखनाची चूक असेल तर तीही तशीच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी उलट बाजूने गेले. पूर्ण लिस्ट घेतली आणि शेवटून एकेक मुद्दा काढत दरवेळी तपासलं. बारा, अकरा, दहा, नऊ, बग आहे. आठ मुद्दे उरले आणि बग गेला. नववा परत घातला, बग आला. नवव्याखालचा उपमुद्दा काढला, गेला. तेव्हा कच्चा मजकूर एकसारख्या रुंदीच्या अक्षरांत उघडून स्पेस मोजल्या आणि सगळं लख्ख झालं. ‘९.’ ही दोन अक्षरं, पुढे एक स्पेस, म्हणजे मुद्द्याचा मजकूर तीन जागा सोडून सुरू होतो, आणि एडिटरने उपमुद्द्यालाही तीन स्पेस दिलेल्या होत्या. वर एक मुद्दा वाढला की ९ चे १० होतात. ‘१०.’ आणि स्पेस मिळून चार जागा. उपमुद्दा मात्र तीन स्पेसवरच उभा.

मार्कडाउन २००४ मध्ये आलं तेव्हा त्याचे नियम ढोबळ होते. २०१४ पासून कॉमनमार्क या नावाने त्याचं काटेकोर विनिर्देशन तयार होत गेलं. त्यात हा नियम स्पष्ट आहे: उपमुद्दा मुद्द्याच्या आत धरायचा असेल तर मुद्द्याचा मजकूर जिथे सुरू होतो, निदान तिथपर्यंत तो आत हवा. दहाखाली तीन स्पेस पुरत नाहीत, हे उदाहरण त्या विनिर्देशनातच दिलं आहे. तीन स्पेसवरचा उपमुद्दा क्रमांकांची लिस्ट तिथेच संपवतो आणि बाहेर स्वतःची वेगळी लिस्ट सुरू करतो. त्याच्या पुढचा ११ ही तिसरी लिस्ट. पण लिस्टचा पहिला क्रमांक जो असेल तिथूनच कॉमनमार्क मोजणी सुरू करतं, त्यामुळे पानावर ११, १२ असं बरोबरच दिसतं. एका लिस्टच्या तीन लिस्ट झाल्याचं म्हणूनच सहज लक्षात येत नाही.

मेंटेनरना बग का दिसला नव्हता, तेही इथे उलगडलं. एक तर त्यांची लिस्ट तीनच मुद्द्यांची. शिवाय इंडेंट नेहमी चार स्पेसचा ठेवण्याचं सेटिंग त्यांनी निवडलेलं होतं, हे नंतर बोलण्यातून कळलं. चार स्पेस ९ खालीही चालतात आणि १० खालीही. त्यांना तो शंभराव्या मुद्द्याला भेटला असता.

लिस्ट कुठल्याही क्रमांकापासून सुरू करता येते, हे कळल्यावर नमुना तीन ओळींवर आला:

८. मजकूर तपासणे
९. चित्रे जोडणे
   - आकार कमी करणे

(इथे अंक देवनागरीत आहेत, पण फाइलमध्ये इंग्रजी अंकच लागतात. लिस्टच्या खुणेत कॉमनमार्क फक्त तेच ओळखतं, आणि एका क्रमांकात जास्तीत जास्त नऊ अंक. त्याहून लांब संख्या काही ब्राउझरना पेलत नाहीत.)

दुसरी नोंद मी अशी लिहिली: इंडेंटचं सेटिंग ‘मुद्द्याच्या मजकुराशी जुळवा’. वरच्या तीन ओळी नव्या फाइलमध्ये टाका. पहिल्या ओळीच्या शेवटी कर्सर ठेवून एंटर दाबा. व्हायला हवं: उपमुद्दा १० च्या आत राहावा. होतं ते: उपमुद्दा बाहेर पडतो. खाली एडिटरची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, आणि मजकूर कोडच्या चौकटीत, म्हणजे स्पेस जशाच्या तशा राहतात. कारणाचा माझा अंदाज शेवटी, वेगळ्या परिच्छेदात. अंदाज आणि निरीक्षण एकत्र कालवलं की वाचणारा तुमच्या अंदाजामागे धावतो आणि अंदाज चुकला की सगळी नोंद वाया जाते. त्याच दिवशी मेंटेनरना बग दिसला. त्यांनी क्रमांक बदलणारं फंक्शन कुठल्या फाइलमध्ये आहे ते सांगितलं आणि विचारलं, ‘दुरुस्ती तुम्हीच करून पाहता का?’

कोड उतरवून आपल्या यंत्रावर चालू करण्यात एक दिवस गेला. तो सगळ्यांचाच जातो, त्याने खचू नका. मग मी त्या फंक्शनच्या टेस्ट वाचल्या. अनोळखी कोडमध्ये शिरायला टेस्टइतकं चांगलं दार मला अजून सापडलेलं नाही. काय दिलं की काय मिळायला हवं, हे तिथे उघड लिहिलेलं असतं. सगळ्या टेस्टमधल्या लिस्ट तीन-चार मुद्द्यांच्या होत्या. माझ्या तीन ओळींची टेस्ट लिहिली, ती नापास झालेली पाहिली, आणि मगच फंक्शनला हात लावला. ते ओळीच्या सुरुवातीचा आकडा शोधून त्यात एक मिळवायचं, बस्स. क्रमांकाची रुंदी वाढली तर त्या मुद्द्याच्या आतल्या सगळ्या ओळींना तेवढ्या स्पेस जोडायच्या, अशा सहा ओळी मी घातल्या. टेस्ट पास. पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, पाठवली आणि समाधानाने झोपले.

रिव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला: ‘मुद्दा घातला, काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला, असं चार वेळा केलं तर?’ करून पाहिलं. मी रुंदी वाढताना स्पेस जोडत होते, पण १० चे पुन्हा ९ झाल्यावर ती काढत नव्हते. दर फेरीला उपमुद्दा एक स्पेस आत सरकत होता. चौथ्या फेरीनंतर सात स्पेस, म्हणजे मुद्द्याच्या मजकुरापेक्षा चार जास्त. तेवढं आत गेल्यावर कॉमनमार्क त्याला उपमुद्दा मानतच नाही. ती ओळ वरच्या वाक्याला चिकटून ‘चित्रे जोडणे - आकार कमी करणे’ असं दिसू लागलं. बाहेर पडणारा उपमुद्दा वाचवायला गेले आणि त्याला वाक्यात विरघळवून बसले. आता रुंदीतला फरक दोन्ही दिशांना लागू केला आणि या फेऱ्यांचीही टेस्ट लिहिली.

दुसरी सूचना अनडूबद्दल होती, आणि ती मला स्वतःहून कधीच सुचली नसती. एंटर दाबल्यावर नवी ओळ येते, क्रमांक बदलतात, स्पेस सरकतात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही एकच कृती आहे, तेव्हा एका अनडूत सगळं मागे जायला हवं. माझ्या दुरुस्तीत दोनदा अनडू करावं लागत होतं, आणि मधल्या अवस्थेत लिस्ट पुन्हा तुटलेली दिसायची. सगळे बदल एका व्यवहारात बांधले, म्हणजे ते एकदमच होतात आणि एकदमच मागे जातात. रिकाम्या ओळींना स्पेस जोडल्या जात होत्या, त्या थांबवल्या. उपमुद्द्याच्या आतल्या कोडच्या चौकटीची प्रत्येक ओळही सोबत सरकायला हवी, हे तिसऱ्या फेरीत कळलं.

एकंदर चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी मी आधी सूचनेतला प्रसंग स्वतः घडवून पाहिला, त्याची टेस्ट लिहिली आणि मगच ‘केलं’ असं उत्तर दिलं. एक सूचना मला पटली नव्हती: क्रमांक बदलणंच बंद करून सगळीकडे १ लिहावा. कॉमनमार्कला तसं चालतं. पण कच्चा मजकूर वाचणाऱ्याला आपण कितव्या मुद्द्यावर आहोत ते कसं कळणार, असं मी लिहिलं, आणि ते मान्य झालं. नवीन आहात म्हणून पटत नसलेलं गप्प राहून स्वीकारू नका. कारण देऊन सांगा.

दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आली. लिस्ट अवतरणाच्या आत असेल, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला ‘>’ असेल, तर ही दुरुस्ती अजून चालत नाही, कारण तिथे आधी ते चिन्ह ओलांडून मग स्पेस मोजाव्या लागतात. त्याचा इश्यू मी उघडून ठेवला आहे, तीन ओळींच्या नमुन्यासकट. कुणाला पहिलं काम हवं असेल तर तो अजून कुणी घेतलेला नाही.