ईसीएचएस कार्ड आहे, तरी उपचार अडतात? या चुका टाळा

निवृत्त सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू आहे. वर्गणी एकदाच भरायची. मग योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये औषधपाणी आणि तिथल्या रेफरलवर (पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर) योजनेशी संलग्न खासगी रुग्णालयात कॅशलेस उपचार. योजना खरंच मोलाची आहे. माणसं अडतात ती बहुतेक वेळा कागदांपाशी.

सगळ्यात महागात पडते ती नावाची चूक. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. मग सर्व्हिस रेकॉर्डवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) तिसरंच स्पेलिंग. फौजी हयात असेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर त्याच्या पत्नीला दुःखातच कार्डासाठी आणि पेन्शनसाठी रेकॉर्ड ऑफिसकडे अर्जांवर अर्ज करावे लागतात. तेव्हा दादांनो, आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा आणि तुम्ही असतानाच दुरुस्ती करून घ्या. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात.

रात्री छातीत कळ आली तर रेफरलची वाट पाहू नका, जवळचं रुग्णालय गाठा. ते संलग्न नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. घाबरलेल्या घरात नेमकं हेच राहून जातं. संलग्न नसलेल्या रुग्णालयात बिल आधी स्वतः भरावं लागतं आणि परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या) दरानेच मिळतो, वरचा फरक आपल्या खिशातून जातो. म्हणून रुग्ण सावरला की संलग्न रुग्णालयात हलवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. संलग्न रुग्णालयच डिपॉझिट मागत असेल, तर भरण्याआधी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना फोन करा.

मुलगा २५ वर्षांचा झाला, कमावता झाला किंवा त्याचं लग्न झालं की त्याचा हक्क संपतो. मुलीला वयाची अट नाही. लग्न किंवा नोकरी होईपर्यंत ती पात्र असते.

सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान कार्ड काढण्याआधी थांबावं. ईसीएचएस आणि आयुष्मान यांतलं एकच निवडता येतं.

चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला ईसीएचएस मिळत नाही. खासगी पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, त्यामुळे त्याने स्वतःची आणि आईवडिलांची पॉलिसी सेवेत असतानाच सुरू करावी.