गाडी ओढत नाही? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

सोलापूरहून तुळजापूरला निघालेली गाडी घाट चढताना एकदम ढिली पडते. ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबला तरी आरपीएम अडीच-तीन हजारांच्या वर जात नाही, समोर चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लागतो, कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या बिघाडाचा कोड निघतो, एक पार्ट बदलला जातो आणि गाडी सुटते. दोन-तीन महिन्यांनी तोच पार्ट पुन्हा जातो आणि 'डुप्लिकेट निघाला' म्हणून विषय संपतो. कधीकधी तो खरंच डुप्लिकेट असतो. पण वेळेआधी गेलेल्या पार्टला बहुतेक वेळा दुसऱ्याच कशानं तरी खाल्लेलं असतं. ते न शोधता नवा बसवला, तर तोही त्याच्याच तोंडी दिल्यासारखं होतं.

दिवा लुकलुकतोय आणि गाडी रेटताय

चेक इंजिनचा दिवा स्थिर लागला असेल, टेंपरेचरचा काटा जागेवर असेल आणि ऑइलचा लाल दिवा बंद असेल, तर गाडी हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. ताकद कमी करून गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाला वाचवत असतो. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके खात असेल, तर गोष्ट वेगळी. एक सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळू लागते. पुढे ती तुंबली की गाडीचा पिकअप कायमचा जातो. मिसिंग बऱ्याचदा प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या कॉइलमुळे होतं. कॉइलचा खर्च काही हजारांत भागतो, कन्व्हर्टरचा भागत नाही. अशा वेळी टोचन करूनच गाडी न्या.

हायवेवर थांबताना गाडी पूर्ण डावीकडे घ्या, हजार्ड लावा, गाडीतला लाल वॉर्निंग त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे. काटा लालवर गेला असेल तर किमान अर्धा तास रेडिएटरचं झाकण उघडू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच क्षणी बंद करा.

बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवणं

दिवा जातो, गाडीही थोडा वेळ बरी चालते. पण कोड पुसला जातो आणि बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, तापमान किती, याची नोंदही त्याच्याबरोबर जाते. मेस्त्रीच्या हातात मग काहीच उरत नाही. आधी कोडचा फोटो काढा, मगच पुसू द्या.

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे

पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय, एवढंच. त्याला कॉइल, प्लग, इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांतलं काहीही कारणीभूत असू शकतं. तपासायला पैसे लागत नाहीत: पहिली कॉइल तिसऱ्यावर आणि तिसरी पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी ०३०३ आला तर कॉइल गेलेली आहे. पी ०३०१ च राहिला तर कॉइल चांगली आहे, प्लगकडे वळा.

कॉइल गेलेलीच निघाली, तरी नवी बसवायच्या आधी जुनी उन्हात धरून बघा. प्लगवर बसणारा रबर बूट तेलकट आणि फुगलेला असेल, तर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग गळून प्लगच्या खड्ड्यात ऑइल उतरतंय. पॅकिंग न बदलता बसवलेली कॉइलही अशीच जाणार. बुटाच्या आत किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी तिथूनच बाहेर पळत होती. प्लग आणि बूट दोन्ही बदला. खड्ड्यात गंज किंवा पाण्याचे डाग असतील तर इंजिनावर प्रेशरनं पाणी मारलं गेलंय. यांपैकी काहीच नसेल तर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, मोजा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. प्लग झिजून गॅप वाढला की ठिणगीसाठी कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि त्यातच तिचं आतलं इन्सुलेशन फुटतं. साधे प्लग ३०-४० हजार किलोमीटरच्या पुढे ताणू नका.

डिझेल गाडीत थेट टर्बोवर बोट ठेवणं

पी ०२९९ म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणाऱ्या टर्बोचा दाब कमी पडतोय. त्याचा अर्थ टर्बो मेला असा होत नाही. आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप बघा. फटका मारल्यासारखा आवाज होऊन पिकअप गेला, रेस केल्यावर हवा फुसफुसते आणि मागे काळा धूर येतो, तर पाइप फाटलाय किंवा क्लिप निसटलीय. चिर बहुतेकदा पाइपच्या खालच्या बाजूला असते, हात फिरवल्यावर बोटाला तेल लागतं.

टर्बो खरंच गेला असेल, तर नवा बसवताना ऑइल, ऑइल फिल्टर आणि टर्बोला ऑइल पुरवणारा पाइप बदलायला सांगा. हायवेवरून जोरात येऊन ढाब्यावर लगेच चावी फिरवली की टर्बोतलं ऑइल तिथेच जळतं आणि त्याचा कार्बन या पाइपात बसतो. तोच तुंबलेला पाइप ठेवला तर नवा टर्बो ऑइलवाचून फिरणार. मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवून मग बंद करा.

उन्हाळ्यात कायम रिझर्व्हवर फिरणं

पेट्रोल गाडीचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना पाव टाकीच्या खाली सतत चालवलं तर तो तापून लवकर जातो. पंप बदलताना त्याची जाळी नवी घ्या, टाकीतला गाळ काढा आणि कनेक्टरची पिन काळी पडली आहे का ते बघा. डिझेलवाल्यांनी फिल्टरखालचा नळ सोडून पाणी काढत राहावं. त्या पाण्यानंच इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप खराब होतात.

बोअरचं पाणी

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणं सोलापुरात फार चालतं आणि फार नडतं. क्षाराच्या पाण्यानं रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात, वॉटर पंपचं सील खराब होतं, इंजिन तापतं आणि कॉम्प्युटर ताकद कमी करतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. बाटलीवर 'रेडी टू यूज' लिहिलं असेल तर पाणी अजिबात नको.

एअर फिल्टरला बाहेरून जोराची हवा मारली तर कागदाला छिद्रं पडतात आणि धूळ थेट आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरवर आणि पुढे इंजिनात जाते. नवा फिल्टर टाका.

एकदम पाच-सहा वेगवेगळे कोड आले तर एकही सेन्सर विकत घेऊ नका. आधी मल्टिमीटर लावा: इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट. तेवढे मिळत नसतील तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि अर्थिंगची पट्टी बघा. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. एकाच चाकाची डिस्क हात जवळ नेताच भाजते, तर ब्रेक जाम आहे.

गाडी तापली की बंद पडते आणि वीस-तीस मिनिटांनी आपोआप चालू होते, अशी तक्रार असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्या. हा दोष थंड गाडीत सापडतच नाही. रात्रभर गॅरेजमध्ये उभी ठेवून सकाळी तपासू नका. दुपारी दोन वाजता मोहोळपर्यंत जाऊन या आणि इंजिन गरम असतानाच स्कॅनर लावून घ्या.

काढलेला पार्ट गॅरेजमध्ये सोडू नका. तो पिशवीत घालून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा, म्हणजे नवा लवकर गेला तर दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.